सातबाऱ्यावर नाव कुणाचं

८ डिसेंबर २०२३ला मी माहेरी होते. पहाटे चारला आण्णा आणि भाऊ लाल कांद्याची ट्रॉली घेऊन बाजार समितीकडे निघाले, तेव्हा मी शाल गुंडाळून अंगणात उभी होते. गार वाऱ्यात ताडपत्रीखालून नव्या कांद्याचा ओलसर वास येत होता. भाऊ ट्रॅक्टरवरून म्हणाला, "ताई, येताना जिलेबी आणतो." आदल्या दिवशी चांगला भाव निघाला होता, आणि भाव चांगला मिळाला की घरी जिलेबी यायची ही आमच्याकडची जुनी रीत.

दुपारी ट्रॉली भरलेलीच परत आली. आईने काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या भरून पुढे ठेवला. आण्णा ओट्यावर बसले आणि चपलेला चिकटलेली माती काडीने काढत राहिले. चप्पल स्वच्छ झाली तरी काढत राहिले.

रात्रीतून कांद्याच्या निर्यातबंदीची अधिसूचना निघाली होती. सकाळी पहिल्या ट्रॅक्टरची बोलीच आदल्या दिवसापेक्षा हजार-दीड हजारांनी खालून सुरू झाली आणि शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडला. जिल्ह्यात ठिकठिकाणी तेच झालं. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. आमचा कांदा तीन दिवस ट्रॉलीतच राहिला. उन्हाळ कांदा चाळीत भरून चार-पाच महिने भावाची वाट बघता येते, लाल कांद्याला ती सोय नाही. तो काढला की विकावाच लागतो. शेवटी मिळेल त्या बोलीला दिला.

आमचं गाव येवला तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. नऊ एकर जमीन आणि एक विहीर, तीही फेब्रुवारीत तळ दाखवते. त्यामुळे उन्हाळ कांदा मोजकाच, घराची मदार पोळ आणि रांगड्यावर, म्हणजे खरिपाच्या आणि उशिरा खरिपाच्या लाल कांद्यावर. त्या वर्षी पाऊसही कमी. रोपं वाटीवाटीने पाणी घालून जगवली होती. ती वाफ्यात असताना, १९ ऑगस्टला, निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. कांदा पोसत असताना, २८ ऑक्टोबरला, टनामागे ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने कांदा बाहेर पाठवायचाच नाही. आणि काढणी सुरू असताना, ७ डिसेंबरच्या रात्री, बंदी. एका पिकाच्या आयुष्यात नियम तीनदा बदलला. बंदी ३१ मार्चपर्यंत असेल असं सांगितलं होतं, ती मार्चमध्ये पुढे ढकलली. एप्रिलमध्ये २,००० टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. पांढरा कांदा मुख्यतः गुजरातचा. आमच्या भागात ती बातमी ज्या रागाने वाचली गेली तो राग मी पाहिला आहे. ४ मे २०२४ला बंदी उठली, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ला.

शहरात मी शाळेत शिकवते. स्टाफरूममध्ये मला अनेकदा विचारलं जातं, "शेतकऱ्यांना नेमकं हवंय तरी काय? कर्जमाफी मिळते, विमा मिळतो, वर्षाला पैसे मिळतात." विचारणारी माणसं वाईट नाहीत. खरंच कळत नाही म्हणून विचारतात. मी उत्तर द्यायला लागते आणि अडते, कारण माझ्या एका घरातच चार मतं आहेत.

आण्णांचं मत सगळ्यात जुनं आणि सगळ्यात ठाम. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून परतलेल्या आणि पुढे शेतकरी संघटना उभी करणाऱ्या शरद जोशींनी १९७७ साली चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, आणि पुढच्याच वर्षी चाकणला कांद्याचं आंदोलन उभं राहिलं. १९८०मध्ये ते लोण नाशिक जिल्ह्यात आलं. तेव्हा आण्णा वीस वर्षांचे होते, रस्त्यावर बसले होते. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा त्यांच्या अंगात तेव्हा जी शिरली ती अजून आहे. सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा जास्त त्याच्या भावातून काढून घेतं, हा त्यांचा हिशोब. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "मला द्या म्हणून मी कुणाच्या दारात गेलो का? चार पैसे मिळायला लागले की दार लावायचं, आणि मग खिडकीतून दोन हजार टाकायचे. मला खिडकी नको. दार उघडं ठेवा म्हणावं."

आण्णांना नाफेडची, म्हणजे केंद्रासाठी कांदा घेणाऱ्या सहकारी संस्थेची, खरेदीही मान्य नाही. त्या ऑगस्टमध्ये शुल्कावरून ओरड झाली तेव्हा केंद्राने २,४१० रुपये क्विंटलने दोन लाख टन जादा कांदा घेण्याची घोषणा केली. आण्णांचं म्हणणं, हाच कांदा उद्या शहरात स्वस्तात विकून आमचा भाव पाडतील. हे निव्वळ रागाचं बोलणं नव्हे. साठा करण्यामागे किरकोळ दर आवाक्यात ठेवण्याचा हेतू असतो आणि तो हेतू सरकार लपवतही नाही. खाणाऱ्याला कांदा परवडावा हे मलाही पटतं. मीही आता विकत घेऊनच खाते. मला पटत नाही ते एवढंच, की खाणाऱ्याला स्वस्त द्यायचा खर्च पिकवणाऱ्याच्या ट्रॉलीतून का वसूल व्हावा.

आईला आण्णांचं हे खिडकीचं बोलणं आवडत नाही. ती तिथल्या तिथे म्हणाली, "तुमचं दार उघडेल तेव्हा उघडेल. परवाच्या दोन हजारांत मी महिन्याचा किराणा भरला." पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, २०२३पासून राज्याच्या नमो योजनेचे तेवढेच. नऊ एकरांच्या खर्चात ही रक्कम एका फवारणीपुरतीही धड पुरत नाही, हे आण्णांचं गणित बरोबर आहे. पण आईचं गणित वेगळं आहे. कांद्याच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीचे, पैसे घरात येण्याआधीच वाटले जातात, खतवाल्याला, मजुरीला, सोसायटीला. योजनेचे हे पैसे कुणाच्या नावचे नसतात, म्हणून ते घरात लागतात. तिच्या चाळीस वर्षांच्या संसारात तारीख ठरवून येणारा हा पहिला पैसा. मला आधी आण्णांचंच बरोबर वाटायचं. आता आईचंही वाटतं.

आजीचे पैसे तिचे स्वतःचे येतात, आणि त्यामागे एक गोष्ट आहे. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. आजी गावातल्या बायांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेली होती. घराबाहेर रात्र काढण्याची तिची ती पहिली वेळ. लाखांच्या संख्येने बाया जमल्या होत्या. "आपल्यासारख्याच होत्या सगळ्या, हाताला कांद्याचा वास असलेल्या," असं ती सांगते. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्या म्हणून. आजोबांनी दोन एकर आजीच्या नावावर केली. गावात काही लोक हसले. ती दोन एकर आजही तिच्या नावावर आहे. हप्ता जमा झाल्याचा मेसेज भावाच्या मोबाइलवर येतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा ब्याऐंशी वर्षांची माझी आजी मान ताठ करून ऐकते.

मध्यंतरी तिचा हप्ता थांबला होता. केवायसी करायला नेलं तर यंत्रावर अंगठा उमटेना. पाच वेळा पुसून लावला, तेल लावून, पाणी लावून. जन्मभर खुरपं धरून आणि कांदे कापून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत. केंद्रातला मुलगा भला होता, त्याने दुसऱ्या मार्गाने करून दिलं. पण परत येताना आजी गप्प होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "मग मी शेतकरी नाही व्हय?"

सरकारने केलेलं चांगलं काम कोणतं, असं आजीला विचारलं तर ती दोन हजारांचं नाव घेत नाही. ती गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या पाझर तलावाकडे बोट दाखवते. १९७२च्या दुष्काळात ती तिथे पाट्या टाकायला होती, पोटावर आमची आत्या बांधून. दुपारी सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो ज्वारी. त्या दिवसांबद्दल तिच्या बोलण्यात उपकाराचा सूर नसतो. "काम केलं, पैसे घेतले, अन् तळं ऱ्हायलं." त्या तळ्याने आमच्या विहिरीला दोन महिने जास्त पाणी राहतं. १९९०च्या सुमाराला रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली तेव्हाही असंच झालं. कोरड्या माळावर डाळिंबं आणि बोरं उभी राहिली, खड्डा खणण्याची मजुरीसुद्धा मिळाली. आमच्या भागात त्या योजनेचं नाव घेतलं की कुणाचा आवाज चढत नाही. ठिबकच्या अनुदानाचं आणि कांदा चाळीच्या अनुदानाचंही बहुतेकदा तसंच, पैसे उशिरा येतात ही तक्रार सोडली तर. जी मदत जमिनीवर उभी राहते आणि पुढच्या वर्षीही दिसते, तिच्याबद्दल घरातल्या चौघांचं मत एक होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

कर्जमाफीबद्दल होत नाही. २००८च्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या थकबाकीदाराचं सगळं कर्ज माफ झालं. त्यावरच्यांना एकरकमी भरलं तर २५ टक्के सूट. आण्णांच्या नावावर सात एकर, सगळी कोरडवाहू. तिकडे दोन एकर बागायत असलेला माफीत बसला आणि आम्ही बसलो नाही. त्यांनी दागिने गहाण ठेवून पैसे भरले आणि शपथ घेतली की पुन्हा थकायचं नाही. तेव्हापासून दर मार्चला सोसायटीचं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घेणं, वेळेवर. २०१७ला दीड लाखापर्यंतची माफी आली, डिसेंबर २०१९मध्ये दोन लाखांपर्यंतची. दोन्ही वेळा थकलेल्यांसाठी. नियमित फेडणाऱ्यांना दुसऱ्या वेळचं ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन मिळायला २०२२ उजाडलं. तरी शेजारच्याची माफी झाली म्हणून आण्णांनी कधी जळफळाट केला नाही. "त्याच्या घरी पोरगी लग्नाची होती, सुटला बिचारा," म्हणाले. त्यांना लागलं ते वेगळंच. दरवर्षी सोसायटीच्या पायरीवर त्यांना कुणीतरी म्हणायचं, कशाला भरता आण्णा, माफी येणारच आहे. वेळेवर फेडणारा माणूस स्वतःच्याच गावात भाबडा ठरू लागला, याचं दुःख त्यांना पैशापेक्षा मोठं होतं.

भावाचं मत आण्णांच्या जवळ जातं, पण दिल्लीच्या आंदोलनावरून दोघांत वाद झाला होता. तीन कृषी कायदे २०२०मध्ये आले आणि नोव्हेंबर २०२१मध्ये मागे घेण्याची घोषणा झाली. भावाला ते कायदे फार वाईट वाटले नव्हते. तो म्हणायचा, पंजाबच्या शेतकऱ्याचा गहू-तांदूळ हमीभावाने उचलला जातो, त्याला गमावण्यासारखं काहीतरी आहे. कांदा तर हमीभावाच्या यादीतच नाही, आपण काय गमावणार? आण्णा उलट, शरद जोशींच्या खुल्या बाजाराच्या पठडीतले असूनही, आंदोलकांच्या बाजूने होते. "इतकी माणसं थंडीत वर्षभर बसली, म्हणजे त्यांना कुणी विचारलं नव्हतं," एवढंच त्यांचं कारण. मला आण्णांचं कारण जास्त पटलं. भाऊ अजून मानत नाही. पण डिसेंबर २०२३नंतर त्याच्या तोंडून वेगळं ऐकलं. ज्या दुरुस्तीने कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यातून मोकळं केल्याचा गाजावाजा झाला, तिच्यानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर २०२०मध्ये, कांद्यावर निर्यातबंदी आली होती. हे तो विसरला नव्हता. "कायदा कोणताही आणा," तो म्हणाला, "लागवडीच्या आधी सांगा, आणि कांदा निघेपर्यंत बदलू नका. मग मी लावीन नाहीतर मका करीन, माझा मी बघीन." यावर आण्णा, आई, आजी, कुणीच काही वेगळं बोललं नाही.

इथवर मी फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसांचं, नाहीतर त्यांच्या घरच्यांचं सांगितलं.

आमच्या बांधाला लागून चार एकर आहे. मालक शहरात असतात, मामा ती वाट्याने करतात. नात्याने ते मामा नाहीत, पण मला कळतं तेव्हापासून आम्ही त्यांना मामाच म्हणतो. खर्च निम्मा, माल निम्मा, असा तोंडी करार, सतरा वर्षांपासूनचा. कागद नाही. पीक विम्यात वाट्याने किंवा भाड्याने करणाऱ्यालाही भाग घेता येतो, पण त्याला करारनामा लागतो. मामांनी एकदा धीर करून मालकांना विचारलं. मालकांनी चहा पाजला आणि विषय बदलला. ते माणूस म्हणून चांगले आहेत, मामांच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी हात मोकळा सोडला होता. पण कागद म्हटला की त्यांना कूळ कायदा आठवतो. १९४८चा तो कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. त्यांच्या आजोबांची काही जमीन तेव्हा गेली होती. आमच्या गावातल्या कितीतरी घरांत याच कायद्याने पहिल्यांदा सातबारा आला, आणि मी त्याला महाराष्ट्राने केलेलं फार मोठं काम मानते. पण त्याच कायद्याच्या भीतीने आजचा कसणारा कागदावर येत नाही. सत्तर वर्षांनंतर जमीन मामांच्या हातात आहे आणि शेतकरी म्हणून नोंद मालकांची.

याचा अर्थ काय होतो तो मी २०२३मध्ये डोळ्यांनी पाहिला. त्या वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव इतका पडला होता की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडल्याची बातमी देशभर गेली. ओरड झाली, आणि राज्याने १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं, जास्तीत जास्त २०० क्विंटलला. अट अशी की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतात उभं राहून मोबाइल अॅपवर पिकाचा फोटो काढून केलेली, कांद्याची नोंद हवी. मामांच्या हातात विक्रीची पट्टी होती, तोलाई-हमाली कापून राहिलेल्या आकड्यासकट, स्वतःच्या नावाची. सातबारा मालकांचा, आणि त्यावर कांद्याची नोंदच नव्हती, कारण शहरातून कोण येऊन फोटो काढणार? मी सुट्टीत त्यांच्याबरोबर दोनदा तालुक्याला गेले. काउंटरमागची बाई सौम्यपणे म्हणाली, कागद जुळत नाहीत हो. मामा तिच्याशी भांडले नाहीत. पट्टी नीट घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली.

एक रुपयातला विमा त्याच वर्षी खरिपापासून सुरू झाला. खोटे अर्ज फार झाले म्हणून २०२५च्या खरिपात तो गुंडाळलाही. आता शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, प्रत्येक योजनेला तोच लागतो. तोही सातबाऱ्याशी जोडलेला. पीएम-किसानला तर १ फेब्रुवारी २०१९ ही रेघ आहे. त्यानंतर वारसाहक्काशिवाय ज्यांच्या नावावर जमीन आली त्यांना हप्ता नाही, आणि ज्यांच्या नावावर कधी आलीच नाही त्यांचा प्रश्नच नाही.

मामांना सरकारी धोरणाबद्दल मत विचारलं तर ते हसून म्हणतात, "आमाला काय त्यातलं, ताई." मला ते ऐकवत नाही. कांद्याच्या पातीवर करपा कधी येईल, धुकं किती दिवस टिकेल, डेंगळे कशाने जास्त निघतात, हे आमच्या शिवारात त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. भाव कोसळला की निम्मा तोटा त्यांचा असतो, ८ डिसेंबरला त्यांच्याही कांद्याची काढणी सुरू होती. मग धोरणाबद्दल मत असण्याचा हक्क नाही हे त्यांना कुणी शिकवलं?

माझंही नाव नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. आई म्हणाली, भावाला एकट्याला पुरत नाही गं, आणि ते खरंच होतं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा देशाच्या आधी, १९९४लाच केला, हे मी वर्गात शिकवते. सही करताना आजी शेजारी बसली होती. आजोबांनी जिच्या नावावर जमीन केली ती आजी. ती काही बोलली नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी शेती करत नाही, तेव्हा मी त्या जमिनीला हक्काने माझी म्हणावं असं मला वाटत नाही. पण मामा करतात.

गेल्या सुट्टीत मामांनी सकाळीच हाक मारली. त्यांनी मालकांना फोन करून कबूल करून घेतलं होतं, निदान पीक पाहणी तरी लावू द्या. "तुमच्या मोबाइलवर होतंय का बघा." आम्ही बांधावरून वाफ्यात उतरलो. दव होतं, पात गुडघ्याला भिजवत होती. अॅप उघडलं, गाव निवडलं, गट क्रमांक टाकला. खातेदाराच्या यादीत एकच नाव आलं, मालकांचं. मी ते निवडलं. पीक, कांदा. क्षेत्र, मामांनी आऱ्यात अचूक सांगितलं. लागवडीची तारीख, तीही तोंडपाठ. पाण्याचं साधन, विहीर.

मग फोटो. पात वाऱ्याने हलत होती, फोटो पुसट येत होता. मामा खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पात बाजूला करून कांद्याचा गड्डा उघडा धरला, नीट दिसावा म्हणून. चिखलाने भरलेली, नखं झिजलेली ती बोटं फोटोत आली. "हात काढू का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नको मामा, राहू द्या," आणि बटण दाबलं.